पन्नास मिनिटं आणि सोळाशे मीटर

आमच्या गावात एक गोष्ट सांगतात. न्हाव्याच्या दुकानात सांगतात, शाळेच्या फाटकाशी सांगतात, आणि सांगताना आवाज हमखास खाली आणतात, म्हणजे शेजारच्या दुकानातलेही कान टवकारून ऐकतील. गोष्ट अशी की मीटरमावशीने नवऱ्यासाठी धुकं खोटं लिहिलं. बाहेर स्वतःचा हात दिसत नव्हता, आणि या बाईने वहीत लिहून टाकलं की सगळं लख्ख दिसतंय. विमान आंधळ्यासारखं खाली आणलं, आतल्या अकरा जणांचा जीव धोक्यात घातला, कशासाठी, तर शिडीवरून पडलेल्या नवऱ्याचं डोकं उघडणारी डॉक्टरीणबाई त्या विमानात होती म्हणून. इथे न्हावी कात्री हवेत थांबवतो. "बाई म्हणावी तर अशी! आमची ही असती तर म्हणाली असती, आधी खुर्चीतलं गिऱ्हाईक उरका, मग काय पडायचं ते पडा."

त्या दिवशी मी मावशीबरोबर होते. आधी आकडा दुरुस्त करते: अकरा नाही, चालवणारे दोघं धरून तेरा. आणि मावशी खोटं बोलली नाही. ती तिला दिसलं तेच बोलली. त्यापायीच तिचा नवरा, म्हणजे माझे काका, जवळजवळ हातचे गेले होते.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. गाव तिला मीटरमावशी म्हणतं, कारण तिच्या जगात कुठलीच गोष्ट 'जवळ' किंवा 'लांब' नसते. दूधवाला कुठे राहतो विचारलं तर आपण म्हणू, तिकडे, कोपऱ्यावर. मावशी म्हणते, "साडेतीनशे मीटर, डाव्या हाताला, हिरवं दार." आई उशिरा पोचली आणि रस्त्यात गर्दी होती असं म्हणाली, की मावशी हनुवटी जराशी वर करून म्हणते, "तुझं घर सातशे मीटरवर आहे." संपलं. त्या 'आहे'वर ती असा शिक्का मारते की समोरच्याने मुकाट सही करून निघावं. मी सगळ्यांच्या नकला करते, आणि ही हनुवटी मला फार छान जमते.

ती आमच्या विमानतळावर काम करते. विमानतळ म्हणजे काय, एक धावपट्टी, एक बसकी इमारत, इमारतीवर गच्ची आणि गच्चीवर मावशी. मंगळवारी आणि गुरुवारी पलीकडच्या शहरातून एकोणीस सीटांचं एक विमान येतं आणि तासाभराने परत जातं. मधे डोंगरांची रांग आहे. सरळ रेषेत ते शहर दोनशे चाळीस किलोमीटर. पण विमान उंच डोंगर टाळून वळसा घेतं, म्हणून दोनशे सत्तर. वारा पडलेला असला तर पन्नास मिनिटं. रस्ता मात्र अख्ख्या रांगेला फेरी मारून येतो. सहाशे दहा किलोमीटर, अकरा तास, तेही वाटेत पोट बिघडलं नाही तर. हे आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील, कारण मावशीने गेली एकवीस वर्षं ते दर खेपेला वहीत लिहिलेत. ती स्वतः मात्र एकदाही विमानात बसलेली नाही. विचारलं तर म्हणते, "पन्नास मिनिटं मला पाठ आहेत. बसून काय नवीन कळणार?"

तिचं काम म्हणजे बघणं. गच्चीच्या कठड्यावर पांढऱ्या रंगात बाण काढलेत, आणि प्रत्येक बाणापुढे एक नाव नि एक आकडा. कुंपणाचा कोपरा, ४००. लाकडाची वखार, ८००. शाळेचं घड्याळ, १२००. पाण्याची टाकी, १६००. गोदामाचं छप्पर, १८००. वीटभट्टीची चिमणी, २०००. बाणाच्या दिशेने बघायचं आणि सांगायचं, कुठवर दिसतंय. ते खालच्या खोलीतला रेडिओवाला कप्तानाला सांगतो. पंधराशे मीटरच्या वर दिसत असेल तर विमान उतरतं. त्याच्या खाली असेल तर उतरत नाही. तिथे 'बघू', 'करू', 'होईल कसंतरी' असलं काही चालत नाही.

मावशीचा एक नियम आहे. जवळून लांब जायचं. जी पहिली खूण दिसत नाही तिथे थांबायचं, तिच्या अलीकडची लिहायची, आणि थांबल्यावर पुढे बघायचंच नाही.

"का पण?" मी एकदा विचारलं होतं. "पुढे बघितलं तर काय बिघडलं?"

"डोळा लबाड असतो. चिमणी तिथे आहे हे त्याला माहीत असतं, म्हणून तो ती दाखवतो. आपल्याला बघायचं असतं म्हणून दिसतं. तसलं बघणं घरी."

हे बाण काकांनी काढलेत. काका पाट्या रंगवतात. गावातलं प्रत्येक दुकान त्यांच्या अक्षरात बोलतं. सहाच्या आकड्याला ते एक लांबलचक शेपटी काढतात, ती ओळखू येतेच. दोघांचं जुळलं ते याच कठड्यावर. ती आकडा सांगायची, ते रंगवायचे. तीन दिवसांचं काम काकांनी अकरा दिवस पुरवलं. विमानतळाच्या साहेबांनी विचारलं की सांगायचे, "रंग वाळायला वेळ लागतो हो." साहेब अजून म्हणतात, "म्हणजे मी काही म्हणत नाही हं, पण तो रंग लग्नाच्या दिवशीच वाळला."

आणि एक सांगायचं राहिलं. त्या दिवसाच्या आदल्या पंधरवड्यात काकांना पाण्याची टाकी रंगवायचं काम मिळालं होतं. जुनी लाल-पांढरी चौकटींची टाकी पार विटून गेली होती आणि आसपासच्या लोकांना ती डोळ्यांसमोर नको होती. काकांनी रंगांचा तक्ता घरी आणला, मावशीने चष्मा लावून एक पट्टी निवडली. दुधात राख कालवल्यासारखा रंग. "हा घ्या. आभाळात मिसळून जाईल, कुणाला खुपणार नाही." टाकी झाली, लोक खूष झाले, काका तर फारच खूष. ओला ब्रश हातात घेऊन ते मावशीला दाखवायला आले आणि तिच्या निळ्या स्वेटरच्या बाहीला बोटभर डाग लागला. तो धुऊन गेला नाही. मावशी तोच स्वेटर घालून कामावर यायची.

माझी शाळा दुपारची, म्हणून मंगळवारी सकाळी मी गच्चीवर असायचे. आमची एक पैज ठरलेली. विमानाची चाकं किती वाजून किती मिनिटांनी टेकतील ते दोघींनी सांगायचं. चुकेल तिने खालच्या उपाहारगृहातून चहा आणायचा, चौतीस पायऱ्या. मावशीला वारा कळतो, मला चहा कळतो. एकोणतीस पैजा झाल्या होत्या आणि एकोणतीस चहा मी आणले होते.

त्या मंगळवारी पावणेनऊला मावशीचा फोन वाजला. माझी आई होती. काका चपलांच्या दुकानाची पाटी रंगवत होते आणि शिडी सरकली. डोकं पायरीच्या कडेवर आपटलं.

"किती उंचीवरून?" मावशीने विचारलं.

"तुला आत्ता मीटर सुचतायत?" आई इतकी ओरडली की मला फोनबाहेर ऐकू आलं. "ताई, ते बोलत नाहीयेत. मी इस्पितळात आहे. तू ये."

मग फोनवर तिथला डॉक्टर आला. त्याचा आवाज तरुण होता आणि तो प्रत्येक वाक्य दोनदा सांगत होता, एकदा मावशीला आणि एकदा स्वतःला. डोक्यात आत रक्त साठतंय, साठतंय आत. कवटीला भोक पाडून वाट करून द्यायला हवी. अकराच्या आत, उशिरात उशिरा अकरा. आणि हे त्याला येत नाही. ज्यांना येतं त्या बाई मंगळवारच्या विमानाने येतात.

"सहाव्या मिनिटाला निघतात," मावशी म्हणाली. "नऊ सहा. समोरून वारा आहे, चार मिनिटं धरा. दहाला चाकं टेकतील. तुमच्या दारापर्यंत नऊ किलोमीटर, गाडी धावपट्टीशी उभी करून ठेवते, सव्वादहाला बाई तुमच्या हातात."

फोन ठेवला आणि ती कठड्याला धरून खाली बसली. मी म्हणाले, "मावशी, तू जा. मी इथे थांबते."

"तू काय करणार? माझा आवाज काढून आकडे सांगणार?" तिच्या ओठांचा रंग उडाला होता. "दुसरा बघणारा रजेवर आहे. मी खाली उतरले तर इथून बघणारं कुणी नाही. बघणारं कुणी नाही तर विमान उतरणार नाही. मी त्यांच्याजवळ गेले की त्या बाई येणार नाहीत."

म्हणजे नवऱ्याला वाचवायचं तर तिला नवऱ्याजवळ जायची सोय नव्हती. ती उठली आणि बघायला लागली.

नऊ सहाला विमान निघालं. रेडिओवाल्याने जिन्यातून वर ओरडून सांगितलं, "निघालं हो, ओव्हर!" रेडिओवर बोलणं संपलं की म्हणायचं ते 'ओव्हर' त्याच्या तोंडात बसलंय, म्हणून त्याला गाव ओव्हरबाबा म्हणतं. तो जेवताना बायकोलाही 'मीठ दे, ओव्हर' म्हणतो असं मी सगळ्यांना सांगते. ते मी रचलेलं आहे, पण त्याला शोभतं. त्याने डॉक्टरीणबाईंना विमानातच निरोप पोचवला होता. सगळं जुळलं होतं.

साडेनऊला नदीकडून धुकं आलं.

त्या मोसमातलं पहिलंच. एखाद्याने शांतपणे चादर ओढत आणावी तसं आलं. मावशी कठड्याशी उभी राहून पुटपुटत होती. "कोपरा, दिसतो. वखार, दिसते. घड्याळ, दिसतं. टाकी, दिसते." दहा मिनिटांनी पुन्हा. पावणेदहाला पुन्हा. नऊ पन्नासला ती टाकीपाशी थांबली. डोळे बारीक केले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

टाकी नव्हती. टाकीच्या जागी नुसतं धुकं होतं.

"लिही," ती मला म्हणाली. तिने वही माझ्याकडे सरकवली. "नऊ पन्नास. बाराशे."

"मावशी."

"लिही म्हणते ना."

मी लिहिलं. ओव्हरबाबाने ते वर सांगितलं, आणि जिन्यात उभी राहून मी कप्तानाचा आवाज ऐकला. हा कप्तान नाकातून बोलतो आणि कसलीच घाई नसल्यासारखा बोलतो, खाटेवर पडून उशी मागावी तसा. "बाराशे, समजलं. वर घिरट्या घालतो. दहा एकवीसपर्यंत थांबण्यापुरतं इंधन आहे. तोपर्यंत उघडलं नाही तर परत."

परत म्हणजे पन्नास मिनिटं. परत म्हणजे डॉक्टरीणबाई पुन्हा दोनशे सत्तर किलोमीटर लांब. पुढचं विमान गुरुवारी.

नऊ अठ्ठावन्नला मला विमान ऐकू आलं. सगळ्यांत आधी मलाच येतं, माझे कान तसे आहेत. वर कुठेतरी दोन इंजिनं एका सुरात गुणगुणत होती, आणि सूर डावीकडून उजवीकडे चालला होता. गोल. आमच्या डोक्यावर गोल फिरत होता आणि धुक्यात काहीच दिसत नव्हतं. त्या आवाजात एक बाई हातांवर हात ठेवून बसली होती, आणि तिला तेवढंच करता येत होतं.

"कोपरा, दिसतो. वखार, दिसते. घड्याळ, दिसतं. टाकी…"

साहेब वर आले. धापा टाकत आले, कारण ते एरवी गच्चीवर येतच नाहीत. थोडा वेळ धुक्याकडे बघत उभे राहिले.

"म्हणजे मी काही म्हणत नाही हं," ते म्हणाले, "पण तीनशे मीटरचाच प्रश्न आहे ना?"

"हो."

"म्हणजे कुणी टेप घेऊन मोजायला येणार नाही."

"कप्तान येईल की, साहेब. ताशी दोनशेच्या वेगाने."

"अहो, तुमचा माणूस तिकडे…"

"माझा माणूस एक आहे. वर तेरा आहेत." तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. "तुम्हाला लिहायचं असेल तर वही घ्या. माझी सही मी करणार नाही."

साहेबांनी वहीकडे बघितलं. वहीने साहेबांकडे बघितलं. मग ते चौतीस पायऱ्या उतरून गेले, आणि त्या दिवसापासून मी त्यांची नक्कल जरा कमी करते, कारण उतरताना ते रडत होते.

"कोपरा, दिसतो. वखार, दिसते. घड्याळ, दिसतं. टाकी…"

ती दर मिनिटाला मोजत होती. दर वेळी 'टाकी' म्हणताना तिचा आवाज थोडा आत जायचा. आठव्या का नवव्या वेळी तो तिचा राहिलाच नव्हता. मला कुणाचाही आवाज काढता येतो. तो आवाज मी अजून काढून बघितलेला नाही.

दहा आठला आईचा फोन. मावशीने तो तिच्या कानाशी धरायला माझ्या हातात दिला, डोळे कठड्यावरून हलवले नाहीत.

"ताई, एका डोळ्याची बाहुली मोठी झालीय. डॉक्टर म्हणतात लक्षण बरं नाही. विमान कुठपर्यंत आलं?"

"डोक्यावर आहे."

"मग उतरव ना!"

"उतरवता येत नाही."

"तुझ्या हातात असतं ना ते?"

"नाही," मावशी म्हणाली. "मी फक्त बघते."

आईच्या मागे कुणीतरी खुर्ची ओढली, एक दार आपटलं, मग फोन बंद झाला.

दहा बारा झाले. नऊ मिनिटं उरली. मला एकदम कळलं की त्या दिवशी आम्ही पैज लावलीच नव्हती. आजवर मी जे बोलले ते कधीच झालं नव्हतं. एकोणतीस वेळा. मी जे म्हणते त्याच्या उलटच होतं. मला दुसरं काही सुचेना. प्रार्थना करायला कुणी शिकवलं नव्हतं, पैज मात्र मावशीने शिकवली होती.

"मावशी, पैज," मी म्हणाले. "आज विमान उतरणार नाही."

तिने पहिल्यांदा मान वळवली. मला वाटलं थोबाडीत मारणार. तिने माझ्याकडे नीट बघितलं, कोपऱ्यापासून चिमणीपर्यंत बघतात तसं, आणि तिला समजलं.

"लागली," ती म्हणाली.

मग आम्ही दोघी बघत राहिलो. तिला नियम होता, मला नव्हता. ती टाकीपाशी थांबत होती. माझी नजर रडक्या डोळ्यांनी वाटेल तिथे फिरत होती. आणि उजवीकडे, टाकीच्या बाणापासून बऱ्याच बाजूला, मला धुक्यात एक उभी काळी रेघ दिसली. ती तिथे किती वेळ होती कोण जाणे.

"मावशी, चिमणी दिसतेय."

"टाकी सोळाशेवर. चिमणी दोन हजारावर. टाकी दिसत नाही तर चिमणी कशी दिसेल? डोळे पूस."

"पुसले. दिसतेय."

"तुला दिसायला हवी आहे म्हणून दिसतेय." हे मात्र ती ओरडली. "मलाही हवी आहे! म्हणून तर मी तिकडे बघत नाही!"

आणि ओरडताना तिने टाकीच्या दिशेला हात केला. निळी बाही धुक्यासमोर आली. मी बघत होते म्हणून सांगते: बाहीला भोक पडल्यासारखं दिसलं. निळ्या लोकरीत मधेच बोटभर तुकडा नाही आणि त्यातून पलीकडचं धुकं दिसतंय, असं. ते भोक नव्हतं. तो डाग होता.

मावशीचा हात तसाच राहिला. तिने बाही डोळ्यांपुढे आणली, धुक्याशी लावली, बाजूला नेली, पुन्हा लावली. डाग आला, गेला, आला, गेला.

"अगं बाई," ती अगदी हळू म्हणाली. "मीच निवडला की तो."

टाकी तिथेच होती. धुकं तिला झाकत नव्हतं. ती धुक्याच्या रंगाची झाली होती. बाण काढणारा, टाकी रंगवणारा आणि टाकीकडे बघून पोट भरणारी, तिघंही एकाच घरातले, खरं तर दोघंच, कारण पहिले दोन्ही काकाच, आणि दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं की ही नुसती टाकी नाही, खूण आहे.

तिने एकवीस वर्षांचा नियम मोडला. पुढे बघितलं. पण मोडतानाही मावशीच ती. चिमणीकडे बघून ती म्हणाली, "वरचे लोखंडी पट्टे किती?"

"तीन," मी म्हणाले.

"मलाही तीन." पट्टे आठवणीतूनही मोजता येतात हे तिलाही माहीत होतं, म्हणून ती गच्चीच्या दुसऱ्या टोकाला धावली. मावशी धावताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. "गोदामाचं छप्पर. काळं. कड दिसते. छपरावर काय आहे?"

"कुणीतरी ताडपत्री वाळत घातलीय."

"काल होती?"

"नव्हती."

"मग हे डोळा रचत नाही," मावशी म्हणाली. "लिही. दहा अठरा. अठराशे."

"चिमणी दोन हजारावर आहे ना?"

"अठराशे! कमी असेल ते लिहायचं!"

मी लिहिलं नाही, मी ओरडलेच, जिन्यातून खाली, आणि तिच्याच आवाजात. ओव्हरबाबाला वाटलं मावशीच ओरडली. त्याने वर सांगितलं. रेडिओत क्षणभर खरखर. मग कप्तानाचं ते नाक: "एकदम बाराशेवरून अठराशे? विचारा, खात्री आहे का?"

मावशी जिन्याच्या तोंडाशी आली. "सांगा त्यांना, आधीचा आकडा चुकला. टाकी नव्या रंगात धुक्यात दिसत नाही. रंग माझ्या नवऱ्याने दिला. पट्टी मी निवडली. दुसऱ्या दोन खुणा बघितल्यात, दोन्ही काळ्या आहेत."

ओव्हरबाबाने शब्दन् शब्द सांगितलं. एकदाही ओव्हर म्हणाला नाही.

"छान रंग आहे म्हणावं," कप्तान म्हणाला. "येतोय."

तेव्हा दहा एकोणीस झाले होते.

इंजिनांचा सूर बदलला. मग तो लांब गेला, इतका लांब की मला वाटलं, परतच गेलं. मावशीने माझं मनगट धरलं होतं. तिची बोटं चार दिवस उमटून होती. मग धावपट्टीच्या टोकाला, जिथे नुसती राखाडी भिंत होती, तिथे दोन दिवे आले. दिव्यांमागून विमानाचं नाक आलं. चाकं टेकली.

"दहा सव्वीस," मावशी म्हणाली. मी तिला धरलं, ती मला, आम्ही दोघी बाणांच्या पायथ्याशी बसलो. खाली डॉक्टरीणबाई विमानाचा जिना पूर्ण टेकायच्या आत उतरल्या आणि गाडीकडे पळाल्या. एका पायात बूट नव्हता. ते कसं झालं हे अजून कुणाला माहीत नाही.

मावशी तरीही लगेच निघाली नाही. विमान तासाभरात परत जाणार होतं आणि त्यालाही बघणारं माणूस लागतं. साडेअकराला ते धुक्याच्या वर गेलं, तेव्हा तिने वही मिटली आणि मग मला घेऊन नऊ किलोमीटरवरच्या इस्पितळाकडे निघाली. तोपर्यंत काका जिवंत आहेत का, हे तिने कुणालाही विचारलं नाही. फोन वाजत होता. ती उचलत नव्हती. गाडीत माझ्या मांडीवर तो तीनदा थरथरला आणि ती म्हणाली, "राहू दे. पोचल्यावर बघू." बघू, हा तिचा शब्द नाही.

काका होते. डोक्याला भलंमोठं पांढरं गुंडाळलेलं, नाकात नळी, पण होते. "पावणेअकराला सुरू केलं," तो तरुण डॉक्टर म्हणाला, "पावणेअकराला. आणखी थोडा उशीर झाला असता तर…" ते वाक्य मात्र त्याने दोनदाच काय, एकदाही पुरं केलं नाही.

नंतर चौकशी झाली. दोन माणसं आली आणि, साहेबांनी म्हटलं होतं येणार नाहीत, पण खरंच टेप घेऊन आली. वहीत त्यांना मावशीच्या हातची ओळ सापडली, तिने त्याच दिवशी जाण्याआधी लिहिलेली: 'नऊ पन्नासची नोंद चूक. खुणेचा रंग बदलल्याचे मी कळवले नाही. रंग मी निवडला.' मावशीला ताकीद मिळाली. टाकीला पुन्हा लाल चौकटी मारायचं ठरलं. गावाने मात्र यातलं काहीच घेतलं नाही. बाई चुकली आणि चुकलं असं म्हणाली, यात न्हाव्याला कात्री थांबवण्यासारखं काय आहे?

नवव्या दिवशी काकांना उशीला टेकवून बसवलं. उजवा हात अजून ऐकत नव्हता. बोटं चमचा धरायची आणि सोडून द्यायची. पाट्यांचं काय, हा विषय कुणी काढत नव्हतं. शब्द एकेक करून, मधे बरीच जागा सोडून येत होते. मावशी पलंगाशी बसून त्यांच्या त्या हाताखाली शाळेची एक पाटी नि खडू धरून होती. काकांनी खूप वेळ घेऊन काहीतरी काढलं. वाकडं, थरथरतं. सहा होता. शेपटी पाटीच्या कडेपर्यंत जाऊन खाली पलंगावर उतरली होती.

मावशीने ते बघितलं. मग माझ्याकडे वळून तिने हनुवटी जराशी वर केली.

"तिसावा राहिलाय."

"काय?"

"चहा. उतरणार नाही म्हणाली होतीस. दहा सव्वीसला उतरलं."

इस्पितळाचं उपाहारगृह तळमजल्यावर होतं, आम्ही चौथ्या. मी गेले, रांगेत उभी राहिले, कप हिंदकळू न देता सगळे जिने चढून आले. मावशीने एक घोट घेतला.

"गार आहे. आणि ऐक, पुढच्या वेळी नीट वेळ सांगायची. 'उतरणार नाही' ही काही वेळ नव्हे. त्या दिवशी चालवून घेतलं."

असं म्हणाली, आणि चहा सगळा प्यायली.